भुरा रंग खालून चढतो

वरूडहून मी पिल्लू आणलं ते मुद्दाम काळं पाहून. संत्र्याच्या बगीच्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पाच पिल्लं एकमेकांवर लोळत होती. त्यातलं सगळ्यात काळं मी उचललं. बगीचावाले काका म्हणाले, बाई, याची माय तर पाहून घ्या, मागं बांधली आहे. मी म्हटलं, मले मायशी काय करायचं आहे? माझा स्वभावच असा. एकदा ठरवलं की मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. चार पावलं मागं जाऊन त्या कुत्रीकडे पाहिलं असतं तर सगळं तिथंच कळलं असतं. त्या आगाऊपणाचा मला आजही राग येतो.

काळंच कावून पाहिजे होतं, ते सांगते. बाबा अकोल्यात राहतात, मी अमरावतीत. आई गेल्यावर त्या घरात बाबा आणि त्यांचा जर्मन शेफर्ड, दोघंच उरले होते. पाठ काळी, पाय आणि छाती भुरी, डोळ्यांच्या वर दोन भुरे ठिपके. नऊ वर्षांचा होता. सकाळी बाबा विहारात वंदनेला गेले की हा बाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसायचा. लोक हसायचे, पण चप्पल कोणाची हरवायची नाही.

एका मे महिन्यात मूर्तिजापूरला आमच्या नात्यात लग्न निघालं. टिनाच्या घरात कुत्रं शिजून जाईल म्हणून बाबांनी त्याला अंगणात निंबाखाली बांधलं, घमेलंभर पाणी ठेवलं आणि बारापर्यंत येतो म्हणून निघाले. निंबाची सावली सकाळी असते तिथं दुपारी नसते, हे अकोल्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बाबांनी तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. लग्नाला उशीर झाला, मग पंगत बसली. बाबा निघतो म्हणाले, तर मीच हाताला धरून त्यांना बसवलं. जेवल्याशिवाय जाऊ देत नाही म्हटलं. ते घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. साखळी पूर्ण ताणलेली होती आणि घमेलं पालथं होतं.

बाबांनी मला कधी बोल लावला नाही. मीही विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ते फोनवर हो आणि नाही एवढंच बोलायला लागले. जेवण एका वेळेवर आलं. मला वाटायला लागलं, हा माणूस आता असाच विझून जाईल, आणि त्याला कारण मी. म्हणून दिवाळीनंतर मी ते पिल्लू नेलं. जुन्याची आठवणही येऊ नये असं, काळंकुट्ट.

पंजे तेवढे भुरकट होते. मी म्हटलं, बगीच्यातली धूळ आहे. बाबांनी बादलीत पाय बुचकळून धुतले. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, साबण लावला तरी धूळ निघून नाही राहिली, आणि हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. मी इकडे बँकेत काउंटरवर बसून रडले. समोरचं गिऱ्हाईक घाबरून उद्या येतो म्हणालं.

ती धूळ नव्हती. संक्रांतीपर्यंत भुरा रंग गुडघ्यापर्यंत चढला. मग कानांच्या मागून निघाला, मग गालांवर आला. मी दर दुसऱ्या शनिवारी अकोल्याला जायची, त्यामुळे प्रत्येक वेळी मला वेगळाच कुत्रा दिसायचा. होळीला गेले तेव्हा तो फाटकाशी धावत आला आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या वर दोन भुरे ठिपके. माय वं, मी उघडलेलं फाटक परत लावून घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, काही रोग असेल तर बरं असं मनाशी म्हणत. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. हाही शेफर्डच आहे, या जातीची बहुतेक पिल्लं लहानपणी काळीच दिसतात म्हणाले. पिल्लाची लव झडते, भुरा रंग खालून वर चढत जातो आणि काळा शेवटी पाठीवर खोगिरासारखा उरतो. दीड-दोन वर्षं हे चालतं. कायमचा काळाही असतो, पण तो पायाच्या नखापासून काळा असतो. मी विचारलं, थांबवता येतं का? ते म्हणाले, बाई, तुमचे केस पांढरे व्हायचे थांबतात का?

बाबांचं वागणं बदललेलं मला दिसत होतं. आधी ते त्याला मांडीवर घेऊन पेपर वाचायचे. मग खुर्ची त्याच्याकडे पाठ करून ठेवायला लागले. त्याचं ताट हातानं न ठेवता पायानं सरकवायला लागले. त्याचं नाव घेणंही सोडलं. त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो शेपटी हलवत त्यांच्या पाठीशी जाऊन बसायचा, अगदी जुना बसायचा तसा, डावीकडे. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते पाहून भीती वाटायची, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबांचा फोन आला, याले घेऊन जा. मी त्याच दिवशी सुटी टाकून गेले. कुत्रा अंगणात पडला होता, पाठीवर काळं खोगीर, बाकी सगळा भुरा. बाबा दार आतून लावून बसले होते. मी दार उघडायला लावून विचारलं, काय झालं?

"हा तोच आहे," बाबा म्हणाले. "मले पाह्याले आला."

माझं डोकं फिरलं. लव, खोगीर, डॉक्टर, सगळं मी ओरडून सांगितलं. विज्ञान शिकवलेल्या माणसानं असं बोलावं का, हेही बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. आणि मग माझ्या तोंडातून ते निघालंच, जे दोन वर्षं निघत नव्हतं.

"मीच बसवलं होतं तुमाले पंगतीत. मले बोला न काही."

बाबा अगदी हळू बोलले.

"तू नाही बसवलं, बाई. मले त्याची याद आली होती. जिलेबी वाढून राहिले होते तवा आली. मी घडी पाह्यली, दीड वाजला होता. म्हटलं, अजून अर्धा घंटा. जिलेबी चांगली होती."

मला त्यांचा संताप आला. त्याच वेळी त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. दोन वर्षं मी माझाच अपराध उराशी धरून बसले होते, आणि त्यांच्या ताटातल्या त्या अर्ध्या तासाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी कुत्र्याला गाडीत बसवलं. बाबा बाहेर आले नाहीत.

आता तो अमरावतीत माझ्याजवळ असतो. आनंदी प्राणी आहे, उशा फाडतो, वरच्या मजल्यावरच्या आजींवर जीव टाकतो. कधी कधी घाईत माझ्या तोंडून जुन्याचं नाव जातं. तो येतो.

एप्रिल लागला की रोज दुपारी दीड वाजता बाबांचा फोन येतो. तू जेवली का, हेही विचारत नाहीत. तो कुठं आहे, एवढंच विचारतात. मी सांगते, आतल्या खोलीत, कूलरसमोर. त्यांना पटत नाही. मग मी खाली बसून फोन त्याच्या तोंडाजवळ धरते. तो धापा टाकत असतो. बाबा ऐकत राहतात, कधी दोन मिनिटं, कधी दहा, आणि मग फोन ठेवतात.