व्हिएन्नाची संध्याकाळ

विषुववृत्ताजवळच्या नैरोबीत सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी मावळतो. शुक्रवारी रूथबाई खिडकीत मेणबत्त्या लावत होत्या. ज्यू घरांत शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, हे दिवे सूर्यास्ताआधी लागतात. त्यांची आई मात्र कित्येक वर्षं ते उशिरा लावत असे.

दुसऱ्या महायुद्धाआधी हे कुटुंब व्हिएन्नाहून या ब्रिटिश वसाहतीत निसटून आलं. मावशी प्रवेश-परवान्याची वाट पाहत मागे राहिली. तिकडे उन्हाळ्यात ऊन रेंगाळतं, म्हणून आई इथे अंधार पडला तरी थांबायची.

"अगं, चांदण्या निघाल्या," वडील म्हणत.

"तिच्याकडे अजून ऊन असेल. दोघी एकदमच लावू."

"म्हणजे देवानेही तुझ्या बहिणीचं घड्याळ बघायचं?"

"थांबेल तो. त्याला कुठे परवाना लागतो?"

निर्वासितांच्या सामानाची बंदरावर झडती होते. कुणी बरोबर तिकडची संध्याकाळ आणली आहे का, हे तपासत नाहीत.

युद्ध संपलं आणि मावशीला नाझींच्या छावणीत मारल्याची बातमी आली. त्या शुक्रवारी आईने इथलं ऊन असतानाच दिवे लावले.