जज्जसाहेबांकडच्या सहा खुर्च्या

धारवाडात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांचा बंगला होता. सगळं गाव त्यांना जज्जसाहेब म्हणायचं. महिन्यातून दोन रविवारी, दुपारी तीन वाजता, तिथं सहा माणसं जमत. लोक त्याला पत्त्यांचा क्लब म्हणत, पण पत्ते खेळताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. त्यात शिरायला पुष्कळजण टपलेले असायचे. एकदा बदलून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यानं स्वतःहून विचारलं, तर जज्जसाहेबांनी त्याला बागेत बसवून सरबत पाजलं आणि फाटकापर्यंत पोचवलं, एवढी गोष्ट बरीच वर्षं गावात चालली.

त्या सहांत माझे वडील होते, याचं मला नवल वाटायचं. बाकीचे म्हणजे डोळ्यांचे नावाजलेले डॉक्टर, अळणावरच्या जंगलात नोकरी केलेले वनाधिकारी, हुबळीचे एक मोठे वकील. अप्पा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि जुन्या लुनावरून फिरायचे. हातातून अंगारा काढणाऱ्या एका महाराजाला त्यांनी विद्यानगरात भर सभेत उघडं पाडलं होतं. अशा माणसाचं त्या बंगल्यात काय काम, ते आम्हाला कळत नव्हतं. आईनं एकदा विचारलं तर म्हणाले, "चार माणसांत बसतो. तेवढाच वेळ जातो."

वेळ जाण्याची गरज होती, हे खरं. अप्पा तिथं जायला लागले त्याच्या आदल्या वर्षी माझा मोठा भाऊ गेला होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. ताप आला. आई म्हणाली, दवाखान्यात नेऊ. अप्पा म्हणाले, "व्हायरल असेल. दोन दिवस थांबू." तिसऱ्या दिवशी तो आम्हाला ओळखेनासा झाला. हुबळीच्या दवाखान्यात नेलं, आत घेतलं आणि दार लागलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यानंतर अप्पांनी "थांबू" हा शब्द कधी वापरलेला मला आठवत नाही.

पंच्याण्णव साल असेल. एका रविवारी दुपारी मामा गेल्याचा फोन आला आणि आईनं मला अप्पांना बोलवायला पिटाळलं. बंगल्याचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते, पण पलीकडचं दिसत होतं. गोल टेबलावर कन्नड अक्षरांचे कागदाचे चौकोन मांडलेले, मध्ये उपडी वाटी आणि वाटीवर सहा बोटं. अप्पांचं बोट त्यांत होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. जज्जसाहेब एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते, "नी... रु... कु... डि... दे." पाणी प्यायलो.

सहाव्या खुर्चीवर कोण होतं, ते मग दिसलं. जज्जसाहेबांची स्वयंपाकीणबाई. बाजारात पिशवी घेऊन जाताना मी तिला नेहमी बघायची. सगळे तिला अक्का म्हणत. इथं ती इस्त्रीचं लुगडं नेसून ताठ बसली होती, आणि तिच्यापुढचा चहाचा कप जज्जसाहेबांनी स्वतः करून आणला होता, हे मला नंतर कळलं. त्या टेबलावर मान तिचा होता. तिला अक्षरओळख नाही, म्हणून वाटीवर तिचं बोट असलंच पाहिजे, असा जज्जसाहेबांचा नियम होता. वाचता न येणारा माणूस खोटं लिहिणार कसं, असं ते म्हणायचे.

मी पडदा सारून मामाचा निरोप सांगितला. परत येताना अप्पा लुना हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. 

"आईला सांगू नकोस," घर जवळ आल्यावर म्हणाले.

"अप्पा, तुम्ही? तुम्ही तर हे सगळं..."

"मला माहीत आहे मी काय काय बोललोय."

"आणि अण्णा आपल्याशी कन्नडात कशाला बोलेल? घरात तो कधी बोलला?"

ते थांबले. लुनाच्या हँडलकडे बघत म्हणाले, "टेबलावर अक्षरं कन्नड आहेत."

फिजिक्सच्या मास्तरानं दिलेलं ते उत्तर मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं. आईला मात्र सांगितलं नाही.

अप्पा दोन हजार चार साली गेले. तेराव्यानंतर जज्जसाहेब काठी टेकत आमच्याकडे आले. आई आत होती. हळू आवाजात म्हणाले, "खुर्ची रिकामी ठेवत नाही आम्ही. घरातल्या माणसानं यावं अशी रीत आहे. तू येशील?" मी तेव्हा हायस्कूलमध्ये शिकवत होते. नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून हो निघालं. अप्पा नऊ वर्षांहून जास्त काळ तिथं काय ऐकत होते, ते मला हवं होतं.

तिसऱ्या वेळेला मी लवकर पोचले. पुढं कुणी नव्हतं म्हणून मागच्या बाजूला गेले. अक्का पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होती. ओळीखाली बोट, ओठ हलत होते. मला बघून तिनं कागद लपवला नाही. घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

"कूड्री," म्हणाली. बसा.

मी शेजारी बसले. "अक्का, तुम्हाला वाचता येतं?"

"येतं." ती कन्नडात बोलत होती, मी मराठीत, आमच्याकडे असं चालतंच. "इथं स्वयंपाकाला यायच्या आधी आस्पत्रीत आया होते. खाटेला लावलेली नावं वाचावी लागत. तिथंच शिकले."

"कुठल्या आस्पत्रीत?"

तिनं हुबळीच्या त्याच दवाखान्याचं नाव घेतलं.  पुढचं तिनं न विचारता सांगितलं. "तुझ्या अण्णाची खाट माझ्याकडंच होती. शेवटच्या दिवशी त्याला चमच्यानं पाणी मीच पाजलं. मग झोपला. वाटीनं तुझ्या अप्पांना सांगितलं ते खरंच होतं. पाणी प्याला, निद्दी आली."

"म्हणजे वाटी तुम्ही हलवता."

"मी हलवते. जज्जसाहेबांच्या गेलेल्या बायकोचं मी हलवते, डॉक्टरच्या पोरीचं मी हलवते. ती माणसं येतात तेव्हा बघ आणि जातात तेव्हा बघ."

"अप्पांना कळलं नाही?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. एकदा लवकर आले आणि अक्षरांच्या जागा बदलून ठेवल्या. वाटी तरी बरोबर अक्षरांवर गेली. वाटी थांबेपर्यंत बाकी सगळे डोळे मिटून असतात, नवी जागा बघून बोट हलवणारी मीच उरते, होय ना? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सगळ्यांपुढं बोलणार. ते काही बोलले नाहीत. जाताना अक्षरं होती तशी लावून दिली. पुढच्या वेळी परत आले."

पुढं गाडीचा आवाज झाला, वकील आले असावेत. अक्का उठली नाही.

"एक खोटं सांगितलं मी," ती म्हणाली. "अण्णा म्हणतो, अप्पा बंदिद्रु, असं लिहिलं. अप्पा आले होते, मी त्यांना बघितलं. तुझे अप्पा त्या दिवशी फार रडले. ते तर आत आलेच नव्हते, त्यांना ठाऊक होतं. तरी रडले."

"मग खरं काय होतं?"

तिनं मांडीवरचा कागद आणखी लहान दुमडला. "तुमच्या भाषेत हाक मारत होता. अप्पांना बोलवा, अप्पांना बोलवा. तीनदा. मी म्हणाले, येतायत. माझ्याकडं सहा खाटा होत्या, खाट सोडून जायची सोय नव्हती. तुम्ही बाहेर बाकावर बसलेले मला काचेतून दिसत होतात. दार दहा पावलांवर होतं. मी गेले नाही."

"हे मला कशाला सांगितलंत?" माझा आवाज चढला.

"तुझ्या अप्पांना सांगणार होते. दर वेळेला वाटीवर बोट ठेवलं की वाटायचं, आज लिहावं. झालं नाही. आता माझंही वय झालं."

आतून जज्जसाहेबांनी हाक मारली. अक्का हात धुऊन आली, आम्ही दोघी आत गेलो आणि आपापल्या खुर्च्यांवर बसलो. जज्जसाहेबांनी तिच्यापुढं चहा ठेवला. त्या दिवशी डॉक्टरांनी गेलेल्या मुलीला विचारलं, गुडघा दुखायचा थांबला का. वाटी अक्काच्या बाजूनं सरकली, हे आता मला बोटाखाली स्पष्ट कळत होतं. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. मी बोट उचललं नाही.

दोन वर्षं मी जात राहिले. अण्णाला किंवा अप्पांना मी कधीच बोलावलं नाही. मग जज्जसाहेब गेले, बंगल्याला कुलूप लागलं आणि अक्का भाचीकडे कलघटगीला राहायला गेली. निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती अजून मानते की अप्पा तिथं पत्ते खेळायचे, आणि त्यांच्यानंतर मलाही त्यांचाच नाद लागला. दुपारी ती झोपली आणि घर शांत झालं की आतल्या खोलीतून कुणीतरी अप्पांना हाक मारतंय असं मला वाटतं. तिथं कोणी नसतं, हे मला ठाऊक असतं. तरी मी हातातलं काम टाकून उठते, आणि जाऊन दार उघडते.