मोहाडीजवळ मी दोस्ताचं नाव सांगितलं

दोस्तांनो, आज आम्ही तिघं मित्र पचमढीहून कारनं भंडाऱ्याला परत येत होतो. मोहाडीजवळ एका दुचाकीचा आमच्या गाडीला जरासा धक्का लागला.

गाडी चालवणारा सचिन लोखंडी पाना घेऊन उतरला आणि दुचाकीवरच्या माणसाला मारतच सुटला. आम्ही दोघांनी मागून धरलं तरी थांबेना. माणसाचं डोकं फुटलं. दुचाकीवर मागं बसलेली त्याची बायको ओरडत होती, "सोडा ना भाऊ, मरन तो!"

आम्हीच त्याला दवाखान्यात नेलं. तिथं पोलिसांनी विचारलं, "कोनं मारलं याले?"

मी शाळेपासूनच्या दोस्ताचं नाव सांगितलं.

"माहं नाव काहून घेतलं बे?" सचिन एवढंच बोलला.

तो माणूस शुद्धीवर आलाय. सचिनच्या आईचा मला सारखा फोन येऊन राहिला. तुम्हीच सांगा, उचलून काय बोलू?