बायकांचा शर्ट

मुरुमच्या रुकसाना टेलरनं बायकांना शेतात साडीवर घालायला शर्ट शिवले, तेव्हा शेजारचा कापडवाला मुजीबभाई पोट धरून हसला. "घरोघरी नवऱ्याचा जुना शर्ट असतोय की! इकत कोण घेईल?"

खरंच कुणी घेतले नाहीत. पण हसण्यानं गप बसेल ती रुकसाना कसली! मशीन झाकून ती थेट धुरपदाबाईच्या रानात बायांबरोबर सोयाबीन काढायला गेली. कुणीही वाकलं, की अंगातल्या नवऱ्याच्या शर्टाच्या छातीवरच्या खिशातला मोबाइल मातीत पडायचा. लांब बाही विळ्यात अडकायची. बाया म्हणाल्या, "आमचं रोजचंच हाय."

रुकसानाचं टाळकंच सरकलं. जन्मभर दुसऱ्याच्या मापात राबायचं, आन् वर रोजचंच म्हणायचं?

तिनं पहिले सगळे शर्ट उसवले. मनगटाला इलॅस्टिक घातलं, कमरेला बटणाचा खिसा लावला. बाजाराच्या दिवशी दोरीवर टांगले, तर दुपारपर्यंत दोरी मोकळी झाली.

बायकोनं घरी नेलेला शर्ट बघून मुजीबभाई आला. "मला बी शिव की एक, तसल्या खिशाचा."

"इकत कशाला घेताय?" रुकसाना म्हणाली. "बायकोचा जुना झाला, की घाला."