तीन पोप आणि शनिवारची शाळा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए., विषय इतिहास, हायर सेकंड क्लास. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे लंडनच्या हॅरोत कुणी आपणहून विचारत नाही. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर मी आले आणि एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढते. कामाची मला लाज नाही. पण "तुझं शिक्षण काय गं?" याला "बी.ए. हिस्टरी" म्हटलं की समोरची "हो का, छान" म्हणून समोसा उचलते, त्याचा मला राग येतो.

म्हणून आमच्या शनिवारच्या मराठी शाळेला एकदम दोन अध्यक्ष झाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. हा माझा पेपर होता.

झालं असं. शाळा भरते कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये. ती काढली एका काकांनी, ते इथलेच जुने रहिवासी आणि पहिल्या दिवसापासून अध्यक्ष. ते हिवाळ्यात तीन महिने पुण्याला गेले. मागे पालकांच्या फोनवरच्या ग्रुपवर मतदान झालं आणि मेडनहेडहून येणाऱ्या, फायनान्समधल्या एक ताई अध्यक्ष झाल्या. काका परतले आणि म्हणाले, "मी राजीनामा दिलाय का? नाही ना? मग ह्या कोण?"

हॉलची किल्ली काकांकडे. ग्रुपच्या ॲडमिन ताई.

शेवटच्या वर्षाला मला युरोपचा इतिहास होता. पोपच्या सत्तेला लागलेली उतरती कळा, हा प्रश्न हमखास पडायचा. एके काळी पोप रागावला की अख्ख्या देशातली चर्चं बंद ठेवायला लावायचा. लग्न नाही, बाप्तिस्मा नाही, घंटासुद्धा नाही. लोक कावले की राजा आपोआप गुडघ्यावर. जर्मनीचा एक राजा तर माफी मागायला पोपच्या दाराबाहेर तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिला होता. आमच्या काकांनी परतल्यावर पहिल्याच शनिवारी किल्ली आणली नाही. सगळी मुलं आणि माझा नवरा कार पार्कमध्ये पाऊण तास कुडकुडत उभे. नवऱ्याच्या पायात बूट होते, एवढाच फरक.

ताईंचं हत्यार वेगळं. काकांची बाजू घेईल त्याला ग्रुपमधून बाहेर काढायचं. पोपही असंच लोकांना धर्माबाहेर काढायचे, फक्त त्यांना त्यासाठी लॅटिन लिहावं लागायचं.

पुढे तर हुबेहूब. तेव्हा एक पोप रोमला बसला आणि दुसरा फ्रान्सकडच्या आविन्योंला. फ्रान्स आविन्योंवाल्याकडे म्हणून इंग्लंड रोमवाल्याकडे, आणि इंग्लंड तिकडे म्हणून स्कॉटलंड आविन्योंकडे. नाव देवाधर्माचं, भांडण राजांचं. आमच्यातही मेडनहेडवाले ताईंकडे म्हणून हॅरोवाले काकांकडे. एक नागपूरचं कुटुंब हॅरोतच राहून ताईंकडे गेलं, कारण शेजारी काकांकडे होते आणि शेजाऱ्यांशी त्यांचं बोलणं बंद होतं.

अशात चर्चच्या फादरनी निरोप पाठवला. पुढच्या वर्षासाठी हॉल हवा असेल तर फॉर्मवर एकाच जबाबदार माणसाची सही हवी, तीसुद्धा येत्या रविवारच्या आत. नाहीतर शनिवारची वेळ ज्युदोच्या क्लासला जाईल. शनिवार सकाळी दुसरा हॉल आसपास कुठे मिळत नव्हता. माझी मुलगी नुकती जोडाक्षरांपर्यंत आली होती.

मी आमच्या फ्रंट रूममध्ये मीटिंग बोलावली. काका आणि ताई दोघंही आले नाहीत, बाकी सगळे आले. मी उभी राहिले.

"मी बी.ए. हिस्टरी आहे. युरोपात हेच झालं होतं. मग दोन्हीकडचे कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे मोठे धर्मगुरू, इटलीत पिसाला जमले, दोन्ही पोपना काढलं आणि तिसरा निवडला."

पहिल्यांदाच कुणी समोसा उचलला नाही.

"आयडिया चांगलीये," कुणीतरी म्हणालं. "मग तिसरी तूच हो."

हात वर झाले. मी फॉर्म भरून चर्चच्या पेटीत टाकला आणि लगेच गावी वडिलांना फोन लावला. वडील गवंडी. ज्या कॉलेजच्या भिंती बांधल्या त्याच कॉलेजात त्यांनी मला घातलं.

"दादा, मी लंडनच्या शाळेची अध्यक्ष झाले."

त्यांनी फोन तसाच ठेवून दिला. थोड्या वेळाने आईने फोन घेतला आणि म्हणाली, "ते पेढे आणायला गेले."

दुसऱ्या दिवशी काकांचा मेसेज : माझ्या गैरहजेरीत झालेलं मला मान्य नाही. ताईंचा मेसेज : कोरम नव्हता. आणि दोघांनीही आपापला फॉर्म चर्चला नेऊन दिला.

फादरनी मला बोलावलं. टेबलावर तीन फॉर्म एकाशेजारी एक मांडले होते.

"तुम्ही तिघंही अध्यक्ष?"

मी सगळं सांगितलं, अगदी पोपसकट. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं चिडले. ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"पण पिसानंतर काय झालं, ते तुम्हाला शिकवलं नाही?"

नव्हतं शिकवलं. म्हणजे पुस्तकात असेलही, पण आमच्या गाइडमध्ये उत्तर पिसाला संपायचं. 'अशा प्रकारे पोपची प्रतिष्ठा धुळीस मिळाली' असं लिहायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा.

"आधीच्या दोघांनी ऐकलंच नाही," फादर म्हणाले. "दोनाचे तीन पोप झाले."

माझा हायर सेकंड क्लास त्या टेबलाखाली गेला.

"मग मिटलं कसं?"

"पुन्हा सभा, कॉन्स्टन्सला. तिघांना घालवून चौथा निवडला. रोमवाला आपणहून उतरला. पिसावाला वेष पालटून पळाला. आविन्योंवाला मरेपर्यंत एका किल्ल्यात बसून म्हणत राहिला, पोप मीच."

"किती वर्षं लागली?"

"तुमच्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे."

पिसावाली म्हणजे मी. वेष पालटायची सोय नव्हती, म्हणून सरळ ताईंकडे गेले. "मी सोडते. तुम्हीही सोडा."

"आणि काकांनी नाही सोडलं तर?"

"नाहीच सोडणार. त्यांचं आपण मनावर घ्यायचं नाही."

ताई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "राजीनाम्यावर तू आधी सही कर." मी केली. मग त्यांनीही केली. गावात मात्र पेढे खाऊन झाले होते.

चौथी म्हणून आम्ही लहान गटाच्या टीचरला शनिवारी हॉलच्या दारातच धरलं. इथेच जन्मलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"मी? पण माझा मराठी तितका चांगला नाही!"

"माझं! चांगलं!" किल्ली घेऊन आलेले काका मागून ओरडले. लहानपणी तिला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती, त्यामुळे त्यांना विरोध करता येईना. "पण किल्ली माझ्याकडेच राहील," एवढंच ते म्हणाले. तिने त्याच दिवशी फॉर्म नेऊन दिला. किल्ली अजून काकांकडेच आहे आणि दर शनिवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडतात.

राहता राहिले वडील. चार दिवस टाळून शेवटी फोन केला. "दादा, मी अध्यक्ष राहिले नाही. शाळा वाचवायला सोडावं लागलं. लोकांना काय सांगाल?"

"किती दिवस होतीस?"

"पाच."

"मग झालं की. आपल्याकडं माजी सरपंचाला मरेपर्यंत सरपंचच म्हणतात. आणि पेढे काय कुणी परत मागतंय का?"