दत्तूची बारी

पोटात जळत असताना देवापुढं हात जोडून काही उपयोग होतो का, याची मला त्या काळी शंकाच होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, मंचरला एका शाळेत तासिकेवर शिकवू लागलो. चुलतभाऊ दत्तू सातवीतच शाळा सोडून गोठ्यात रमला. पण गावात शिरलेला माणूस विचारायचा तो दत्तूच्या बैलांबद्दल. पाहुणे त्याच्या ओट्यावर, चहा त्याच्याकडं. माझी आईसुद्धा बाजारात 'मी दत्तूची चुलती' अशी ओळख सांगायची. हे मला लई लागायचं.

त्या वर्षी खंडोबाच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीला घड्याळ धरायचं काम गावानं मला दिलं. "शिकलेला हाय, खोटं बोलायचा न्हाई," असं पंच म्हणाले तेव्हा माझी मान आणखी ताठ झाली. खाली निशाण पडलं की कळ दाबायची, गाडा घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढून रेघ ओलांडून गेला की पुन्हा दाबायची. दत्तूची बारी आली. बैल असे उधळले की धुळीत चाकं दिसेनात. 'जरा उशिरा दाब,' मन म्हणालं. अंगठा मात्र वेळेवर पडला. कुणी पाडला, मला सांगता येणार नाही. केसभर फरकानं दत्तू पहिला.

मग शेजारच्या गावचे गाडामालक उसळले. "चुलतभावाला जितावला राव! घड्याळबी घरचंच व्हतं!" घड्याळ तर मी आकडा पुकारून सवयीनं शून्यावर आणलेलं. उरला माझा शब्द. पंचांनी बेलभंडारा मागवला. देवाचा बेल आणि हळद हातात घेऊन सांग, म्हणाले. 'माझी खात्री नाही' एवढं म्हटलं असतं तरी दत्तूचा नंबर गेला असता. तेवढ्यात दत्तूच पुढं झाला. "माझ्यापायी भाऊला शपथ नगं. पैला नंबर त्यास्नीच द्या."

झालं! नंबर त्याचा होताच, आता मोठेपणही त्याच्याच पदरात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भंडारा ओंजळीत घेतला आणि मनात म्हटलं, देवा, मला काही सुचत नाही, तूच बोल. तोंडातून निघालं ते असं: "मला दत्तूचा हेवा वाटतो. त्याचे बैल हरावेत म्हणून मी सकाळपासून वाट बघतोय. तरी घड्याळात तोच पहिला होता."

मग उसळलेल्यांतलेच एक म्हातारबाबा खो खो हसले. "मंग बरुबर हाय! भावकीतला माणूस चुलतभावाचं चांगलं सांगतोय, म्हंजी खरंच आसनार. उधळा गुलाल!" सगळा घाट हसला. माझी पदवी, माझी ताठ मान, त्या हशात वाहून गेली आणि मला हलकं वाटलं. गुलालानं भरलेल्या हातानं दत्तूनं माझा पांढरा शर्ट धरला. "चल. मालक कोन इचारलं तर दोघं म्हनून सांग."

त्यानंतर हेवा गेला असं म्हणणार नाही. देवाच्या गोष्टीत खोटं कशाला? पुढं दत्तूनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आता लपवत मात्र नाही. रविवारी खंडोबापुढं उभा राहतो आणि म्हणतो, "आज पुन्हा जळतंय. माझ्याच्यानं विझत नाही, तू घे." तो घेतो. सगळं घेत नाही, थोडं माझ्याकडं ठेवतो. पण येताना दत्तूच्या गोठ्यावर थांबून बैलांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो, एवढी त्याची कृपा.