दारामागचं वजन

ही गोष्ट मी सोळा वर्षं टाळली. आधी बायकोला सांगायची होती, नंतर मुलीला. बायको आता नाही. मुलगी रोज समोर असते, आणि तिच्यापुढे विषय निघाला की मी अजूनही चष्मा पुसायला लागतो किंवा उठून पाणी प्यायला जातो. म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरात एक हकीकत खरी म्हणून सांगितली जाते. आईला, म्हणजे माझ्या बायकोला, मानेचं दुखणं होतं, डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं, तरी आईनं पाण्याची बादली उचलली आणि उजव्या हातातली ताकद घालवून बसली. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मुलीच्या सासरी सगळ्यांना ती पाठ आहे. ती हकीकत मी तयार केली. ती खोटी आहे.

आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांपासून मलाही मानेचा संधिवात आहे. इकडे भोपाळात त्याला सगळे 'सर्वाइकल' म्हणतात, सर्दी झाली म्हणावं तितक्या सहज. सकाळी डोळे उघडले की मी आधी मान डावीकडे वळवून बघतो. बऱ्या दिवशी कपाटाचं हॅंडल दिसतं. वाईट दिवशी खिडकीच्या कडेपर्यंतच. मागून येणारी गाडी बघता येईना म्हणून स्कूटर विकली. बाटलीनं पाणी पिता येत नाही, मान मागे टाकावी लागते. हनुवटीखालची दाढी मुलगी करून देते. उशी पातळ, शेक दोन वेळा, तळवा कपाळावर ठेवून मान न हलवता दाबण्याचा व्यायाम दहा वेळा. इतकं सगळं केलं की दुखणं जात नाही, पण गप्प बसतं.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातो. तिथली मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं की मी मंडीदीपच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीत होतो. तेव्हापासून मी जरा जोर केला की ती ओरडते, "अंकल, आराम से! ये गर्दन है, नट-बोल्ट नहीं." बाकीचे पेशंट हसतात. मीही हसतो. पण ते वाक्य दर वेळी मला लागतं.

गेल्या महिन्यात न्हाणीघरात मी अर्धी भरलेली बादली पायानं सरकवत होतो. मुलगी धावत आली. "बाबा, प्लीज! राहू द्या ती. आईनं काय करून घेतलं, बघितलंत ना? तुम्ही दोघं सेम आहात, ऐकायचंच नाही कुणाचं."

मी बादली तिथंच सोडली. त्या दुपारी हे लिहायला सुरुवात केली.

माझी बायको टायपिस्ट होती. तिचे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढे तीही सरकारी नोकरीत लागली. टी. टी. नगरातलं क्वार्टर तिच्या नावावर होतं. मी अमरावतीचा, मंडीदीपला नोकरी, त्यामुळे घरात भांडण झालं की ती म्हणायची, "क्वार्टर माझं आहे, लक्षात ठेवा." अडतीस वर्षं ती डावीकडे ठेवलेला मसुदा वाचत टाइप करत राहिली. मान डावीकडे आणि खाली, बोटं समोर. आधी मशीन, मग कॉम्प्युटर. मान मात्र तशीच. अवघड कागद असला की साहेब लोक तिच्याकडेच पाठवायचे, कारण तिच्या कागदावर खाडाखोड नसे.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना तिची मान आखडली. एक्स-रेत मानेचे सांधे झिजलेले दिसले. डॉक्टरांनी गोळ्या, गळ्याला पट्टा, व्यायाम दिले आणि ट्रॅक्शन सांगितलं. म्हणजे हनुवटीला आणि डोक्यामागे पट्टा बांधायचा, दोरी कप्पीवरून न्यायची आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगून मान हळूच वर ओढून धरायची. दवाखान्याच्या वेळा ऑफिसच्या आड येत होत्या. ती रजा घ्यायला तयार नव्हती. त्याला कारण होतं. तिच्या सेक्शनमध्ये एक प्रथा होती. निवृत्त होणारा टायपिस्ट आपला कार्यमुक्तीचा आदेश स्वतः टाइप करतो. सगळे भोवती उभे राहतात, एकही चूक व्हायची नाही, आणि कागद निघाला की कचोऱ्या. तिनं इतरांचे असे सात-आठ समारंभ पाहिले होते. "माझा कागद बघा कसा निघतो ते," असं ती वर्षभर आधीपासून म्हणत होती.

म्हणून ट्रॅक्शन घरी करायचं ठरलं. दवाखान्यातल्या बाईंनी मला सगळं दाखवलं. चार किलो, पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. आणि निघताना दोनदा सांगितलं की विचारल्याशिवाय वजन वाढवायचं नाही.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. हाताला काम नव्हतं. हे काम मिळाल्यावर मी खूश झालो, हे कबूल करायला हवं. बाजारातला सेट न आणता मी स्वतः जुळणी केली. चौकटीला दोन कप्प्या बसवल्या, दोरी दारावरच्या झरोक्यातून पलीकडच्या खोलीत नेली आणि तिथं दहा लिटरचा प्लास्टिकचा कॅन टांगला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दुधाच्या मापानं मोजून भरायचं. ती अलीकडे स्टुलावर, दाराकडे तोंड करून. वजन तिला दिसत नसे. मुद्दाम तसं केलं नव्हतं. कॅन तिच्या गुडघ्यांना लागू नये म्हणून केलं होतं. पण पुढे मला ते सोयीचं झालं.

दोन आठवडे चार लिटर ठेवलं. थोडा उतार पडला, पण थोडाच. मला धीर निघेना. कारखान्यात शाफ्टवर बेअरिंग अडकलं की आम्ही पुलर लावून ओढायचो. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, परत पाव फेरा. कितीही घट्ट बसलेलं असलं तरी एका क्षणी टक् असा आवाज होतो आणि ते सुटतं. तो आवाज ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला वाटलं मानेचंही असंच असणार. मी पाचवा लिटर ओतला. त्या दिवशी ती म्हणाली, "आज बरं वाटलं हो." मग सहा. मग सात.

"अहो, आज ओढ जास्त वाटतेय. वाढवलंत का?"

"नाही गं. चारच आहे."

"मोजून भरता ना?"

"चाळीस वर्षं मी काय केलं मग?"

"तुमच्या मशिनी बोलत नव्हत्या म्हणून नोकरी टिकली," ती पट्ट्यातून दात न उघडता म्हणाली, आणि हसली. हसताना दोरी हलली. पलीकडे कॅन दाराला ठक् करून लागला.

आठव्या लिटरच्या वेळी तिच्या अंगठ्यात मुंग्या येऊ लागल्या. मी म्हणालो, "नस मोकळी होतेय." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. मी ते तिथल्या तिथे बनवलं, आणि इतक्या खात्रीनं बोललो की तिनं मान्य केलं. मी मनातल्या मनात तो टक् आवाज येण्याची वाट बघत होतो.

नऊ लिटरचा तिसरा दिवस. त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. तिनं अर्धी बादली भरून स्वयंपाकघरात नेली. मी पेपरमधून मान वर काढून बघितलंसुद्धा. तिला काहीही झालं नाही. ती चहा प्यायली, माझ्याशी भाजीवरून वाद घातला, मग येऊन स्टुलावर बसली. मी पट्टा बांधला आणि पलीकडे जाऊन कॅन सोडला.

सात-आठ मिनिटं झाली असतील. ती ओरडली, "काढा! आधी काढा!"

मी पट्टा सोडवला. मानेपासून अंगठ्यापर्यंत आग पडली होती. तिनं पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं. पदर निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. तिनं माझ्याकडे बघितलं, घाबरून.

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. रिक्षा आणायला म्हणून मी उठलो आणि आधी पलीकडच्या खोलीत गेलो. कॅन उचलून मोरीत रिकामा करायला लागलो. पाच लिटर ओतलं, चार ठेवलं. मापानं मोजलं. ती बाहेर कण्हत होती आणि मी माप डोळ्यांसमोर धरून पाण्याची रेघ बघत होतो. मग रिक्षा आणली.

डॉक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली, टाचणी टोचून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "वज़न कितना लगा रहे थे?"

"चार किलो, सर. नापकर."

"पक्का?"

"पक्का, सर."

"फिर कुछ भारी उठाया क्या?"

माझं तोंड माझ्या आधीच उघडलं. "सुबह पानी की बाल्टी उठाई इन्होंने."

डॉक्टरांनी पेन आपटलं. "मैडम, मना किया था ना? लिखकर दिया था."

तिच्या गळ्यात पट्टा होता. मान वळवता येत नव्हती. म्हणून माझ्याकडे बघण्यासाठी तिला खांद्यांसकट, कमरेपासून सगळंच्या सगळं वळावं लागलं. ती वळली आणि बघत राहिली. मी भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे बघत होतो. तिला कळलं असेल असं मला वाटलं. मग ती परत सावकाश डॉक्टरांकडे वळली.

"हाँ," ती म्हणाली. "उठाई थी. पर आधी ही भरी थी."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. ट्रॅक्शन बंद झालं. एमआरआय, गोळ्या, सहा आठवडे विश्रांती. दुखणं कमी झालं, पण अंगठा आणि तर्जनीची पकड पूर्ण परत आली नाही. पेन धरता यायचं, कढीपत्ता खुडता यायचा नाही. टायपिंगला बोटं मागे पडायची. तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.

निवृत्तीच्या दिवशी मी तिच्या ऑफिसात गेलो होतो. कार्यमुक्तीचा आदेश दुसऱ्या एका मुलीनं टाइप केला. बायको शेजारी उभी राहून बघत होती. कागद निघाल्यावर तिनं तो वाचला आणि हळूच म्हणाली, "यहाँ एक मात्रा रह गई, बेटा." मुलीनं कागद परत काढला. कचोऱ्या वाटल्या गेल्या. मी खाल्ली.

त्या संध्याकाळी घरी हार खुंटीला अडकवताना ती मला म्हणाली, "तुम्ही एवढे कष्ट घेतलेत माझ्यासाठी. मोजून मोजून पाणी भरायचात. आणि मी एका बादलीपायी सगळं घालवलं. माफ करा हं."

मी काय म्हणालो? "जाऊ दे. झालं ते झालं." म्हणजे मी तिला माफ केलं.

पुढची बारा वर्षं ती स्वतःच हसून ही गोष्ट सांगायची. "माझं मेलीचं डोकंच फिरलं होतं त्या दिवशी." शेवटच्या आजारात, ती जाण्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "अगं, ते ट्रॅक्शन..." इतकं म्हणालो. तिनं डोळे उघडले. "काय?" तेवढ्यात बेल वाजली, शेजारीण खिचडी घेऊन आली. ती गेल्यावर बायकोनं पुन्हा विचारलं, "काय म्हणत होतात?" दार बंद होतं, घरात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही. उशी उंच झालीय का, विचारत होतो." मला बेलनं अडवलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

मध्यंतरी माझ्या डॉक्टरांना मी हे एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कहना मुश्किल है, अंकल. घिसाव से भी हो सकता था. लेकिन नौ किलो, घर पर? और डॉक्टर से छुपाया? सही बात पता होती तो शायद हम कुछ और सोचते." म्हणजे तिचा हात माझ्यामुळेच गेला हे मला सिद्ध करता येत नाही. काही दिवस मी त्या 'मुश्किल है'ला धरून बसलो. पण बादलीनं गेला नाही, एवढं मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. ती स्वतःला दोष देत गेली, आणि ते मी बघत राहिलो.

ही पानं आज मुलीला देणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणेल. तिच्या आईला मात्र देता येणार नाहीत. त्या दुपारी खुर्ची ओढताना मी वाक्यं जुळवली होती, ती अशी:

अगं, बादलीनं काही झालं नव्हतं. कॅनमध्ये नऊ लिटर पाणी होतं. तू विचारत होतीस आणि मी चार सांगत होतो. डॉक्टरांपुढेही खोटं बोललो. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ कर.